हजारातला एक आणि बाकीचे नऊशे नव्याण्णव

बारामतीहून इंदापूरकडे निघालेली एसटी भवानीनगरचा साखर कारखाना आणि लासुर्णे मागे टाकून अंथुर्ण्याला येते. दोन्ही बाजूंना नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस. मधूनच एखादे द्राक्षाचे नाहीतर डाळिंबाचे रान. जवळच वालचंदनगर. तालुका दुष्काळी म्हणून ओळखला जातो, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला ते पटणार नाही, इतका हा पट्टा हिरवा. बारामतीत २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दरवर्षी तेथे शंभर मुले-मुली डॉक्टर व्हायला येतात. महाविद्यालयापासून अंथुर्णे तासाभराच्याही अंतरावर नाही. या लेखापुरता आपला प्रश्न एवढाच आहे, की महाविद्यालयात जे शिकवले जाते ते या तासाभराच्या रस्त्यावर टिकते का?

आधी थोडे गणित करू. १९६१ मध्ये केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधली आकडेवारी एकत्र करून एक लेख लिहिला. वैद्यकीय शिक्षणावर बोलणारे लोक आजही त्याच्याकडे वळतात. त्यांनी हजार प्रौढ माणसे घेतली आणि एका महिन्यात त्यांचे काय होते ते पाहिले. साडेसातशे जणांना काही ना काही दुखणे होते. त्यांतले अडीचशे डॉक्टरकडे जातात. नऊ जण इस्पितळात दाखल होतात. पाच जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवले जाते. आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचतो फक्त एक. चाळीस वर्षांनी, २००१ मध्ये, अमेरिकेत हेच गणित पुन्हा मांडले गेले, तेव्हाही चित्र फारसे हलले नव्हते.

आपल्याकडचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण उतरंड हीच. वैद्यकीय विद्यार्थी साडेचार वर्षे शिकतो तो मुख्यतः त्या हजारातल्या एकावर. उरलेले नऊशे नव्याण्णव त्याला प्रथम भेटतात ते पदवी हातात आल्यावर, एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात, समोर रांग लागलेली असताना.

यात बिघडते काय, असे कोणी विचारेल. जो अवघड आजार ओळखतो त्याला सोपा ओळखता येणार नाही का? खरी गोम इथेच आहे, आणि ती निव्वळ गणिताची आहे. समजा एखाद्या आजारासाठी एक तपासणी आहे. आजार असेल तर ती कधी चुकत नाही, पण निरोगी माणसांतल्या शंभरातल्या पाचांनाही ती चुकून 'आजारी' ठरवते. मोठ्या रुग्णालयात गाळून गाळून आलेल्या हजार रुग्णांत दोनशे जणांना तो आजार आहे. तपासणी त्या दोनशेंना पकडेल आणि उरलेल्या आठशेंपैकी चाळीस जणांना उगीच घाबरवेल. २४० पैकी २०० खरे, म्हणजे तपासणी उत्तम! आता तीच तपासणी गावात हजार जणांवर करा, जिथे तो आजार एकालाच आहे. तो एक सापडेल आणि त्याच्याबरोबर सुमारे पन्नास निरोगी माणसे आजारी ठरतील. यंत्र तेच, रसायन तेच, फक्त समोरची माणसे बदलली.

डोकेदुखीचेही असेच. शहरातल्या मेंदुविकार विभागात डोके दुखते म्हणणाऱ्या माणसाचा स्कॅन करणे शहाणपणाचे असते. खेड्यातल्या बाह्यरुग्ण विभागात डोके दुखणारी बाई बहुधा रात्रभर जागलेली असते, चष्मा लागलेली असते, उपाशी असते, उन्हात खुरपून आलेली असते, किंवा तिचा रक्तदाब वाढलेला असतो. त्यातल्याच एकीला खरोखर गाठ असते. ती एक ओळखणे आणि बाकीच्यांना खर्चात न पाडता घरी पाठवणे ही वेगळीच विद्या आहे. ती मोठ्या रुग्णालयात शिकता येत नाही, कारण तिथे बाकीच्या पोहोचतच नाहीत.

माझ्या इंटर्नशिपचा एक प्रसंग सांगतो. केंद्र कुठले ते महत्त्वाचे नाही, चूक माझी होती. जुलाब होणारे बाळ घेऊन एक आई आली. मी तपासले, पाणी कमी झाल्याच्या खुणा पाहिल्या, जलसंजीवनीची पुडी दिली आणि पुस्तकातले वाक्य म्हटले, "एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सगळी पुडी टाका आणि थोडे थोडे पाजा." तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी बाळ जास्त चिडचिडे, तोंड आणखी कोरडे. आमच्या सिस्टरनी तिला एकच प्रश्न विचारला, "कशात कालवलंस गं?" तिने पेला दाखवला. लिटरभर पाण्याचे मीठ-साखर तिने एका पेल्यात कालवून पाजले होते. इतके खारट पाणी बाळाच्या शरीरातले पाणी उलट ओढून घेते, मेंदूवर परिणाम होऊन झटकेही येऊ शकतात. ते बाळ वेळेत आले म्हणून वाचले. सिस्टर मला नंतर बाजूला घेऊन म्हणाल्या, "डॉक्टर, लिटर सांगू नका. घरातला तांब्या आणायला सांगा, आणि पाणी कुठवर भरायचं ते बोटानं दाखवा." साडेचार वर्षांत जुलाबावर मी किती प्रश्नांची उत्तरे लिहिली असतील! तांब्याचा प्रश्न कुठल्याच परीक्षेत नव्हता.

ही उणीव काल कळलेली नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने आपला अहवाल दिला. देशाला 'सामाजिक वैद्य' हवा आहे आणि त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण द्यावे, असे त्यात म्हटले होते. १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने तेच वेगळ्या शब्दांत सांगितले. १९७७ मध्ये केंद्र सरकारने योजना आणली, की प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांची जबाबदारी घ्यावी आणि विद्यार्थ्यांना तिथे शिकवावे. बहुतेक ठिकाणी ती योजना सहलीवर संपली. बस सकाळी निघायची, केंद्रापुढे फोटो व्हायचा, सरपंचांकडे चहा व्हायचा, आणि जेवायला मंडळी वसतिगृहात परत.

महाराष्ट्रात एका महाविद्यालयाने मात्र ही गोष्ट मनावर घेतली. महात्मा गांधींच्या डॉक्टर आणि पुढे केंद्रीय आरोग्यमंत्री झालेल्या डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तिथे प्रवेश घेतलेला विद्यार्थी आधी पंधरा दिवस आश्रमात राहतो. पुढे पहिल्याच वर्षी ती सगळी तुकडी एका खेड्यात मुक्कामाला जाते, हाही मुक्काम पंधरा दिवसांचाच. प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबे येतात. घरात माणसे किती, विहीर कुठे, चूल कसली, कोणाला काय झाले होते, हे सगळे तो स्वतः विचारतो. शिबिर संपले तरी सुटका नाही, त्याच घरांकडे पुढे काही वर्षे जात राहायचे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला औषध देता येत नाही, ही मला त्या पद्धतीतली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. हातात काहीच नसल्यामुळे तो ऐकतो. एकदा प्रिस्क्रिप्शनचे पॅड हाती आले, की आपण सगळेच ऐकायचे थांबतो.

सेवाग्रामलाच डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्वारीचा आरोग्य विमा उभा केला. गावकऱ्यांनी सुगीला ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करायची आणि त्या बदल्यात गावात आरोग्यसेवक आणि गरज पडली तर रुग्णालयात उपचार मिळायचे. औषधशास्त्राच्या पुस्तकात न सापडणारी एक बाब विद्यार्थ्यांना त्यातून दिसली. शेतकऱ्याकडे पैसा वर्षातून एकदाच येतो आणि आजार बाराही महिने येतो.

पूर्वी सेवाग्रामच्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारावर स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. पाठ करून उत्तरे लिहिणारेही त्यात असणारच. तरी आपण कुठे चाललो आहोत हे त्या निमित्ताने मुलांना एकदा तरी वाचावे लागे. 'नीट' आल्यावर ती परीक्षा गेली. देशभर एकच चाळणी झाल्याने न्याय झाला हे खरे, पण चाळणीच्या भोकांचा आकार भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र एवढ्यावरच ठरला.

आता राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सेवाग्रामसारखीच कल्पना साऱ्या देशाला लागू केली आहे. कुटुंब दत्तक कार्यक्रमात प्रत्येक एमबीबीएस विद्यार्थ्याने तीन ते पाच कुटुंबे घ्यायची आणि पहिल्या वर्षापासून तिसऱ्या वर्षापर्यंत त्यांच्याकडे जात राहायचे. २०२३ च्या नियमांत त्यासाठी एकूण ७८ तास ठेवले आहेत: पहिल्या वर्षी २७, दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षी २१. इंटर्नशिपमध्ये सामुदायिक वैद्यकाला बारा आठवडे आहेत. कागदावर हे चांगलेच आहे. ('दत्तक' हा शब्द मात्र मला खटकतो. एकोणीस वर्षांच्या मुलाने पाच कर्ती कुटुंबे दत्तक घ्यायची म्हणजे काय? खरे तर त्या कुटुंबांनीच त्याला शिकवायला घेतलेले असते.)

हे ७८ तास सहलीसारखे जाणार की सेवाग्रामसारखे, ते एका साध्या गोष्टीवर ठरेल: विद्यार्थी तिथे फॉर्म भरायला जातो की माणूस समजून घ्यायला. पंचवीस पानी प्रश्नावली घेऊन दारात उभ्या राहिलेल्या मुलाला घरची बाई उत्तरे देते, पण ती सरकारी माणसाला देतात तशी. शौचालय आहे का? आहे. वापरता का? वापरतो. त्यात सरपण रचून ठेवलेले असते, ते तिसऱ्या भेटीत, चहा झाल्यावर कळते.

भाषेचा धडा तर वेगळाच आहे. शासकीय महाविद्यालयांतल्या पंधरा टक्के जागा देशभरातल्या मुलांसाठी असतात, आणि राज्यातली मुले तरी कुठे सगळी खेड्यातली असतात? पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला स्थानिक भाषेचे वर्ग असतात, पण त्यात 'तुम्हाला कुठे दुखते?' इतपत मराठी येते. समोरचा माणूस मात्र सांगतो, "कसंतरीच होतंय." "अंगात कणकण हाय." "पोटात गुबारा धरलाय." "हातापायातलं बळ गेल्यागत झालंय." म्हातारा म्हणतो, "छातीत जरा भरून आल्यावानी वाटतं," आणि तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. बाई खाली बघून म्हणते, "अंगावरून जातंय." पांढरे की लाल, किती दिवस, कधीपासून, हे विचारायला मुलाच्या अंगी धीर लागतो आणि तिला सांगायला विश्वास. अनेकदा ती आशाताईला सांगते आणि आशाताई डॉक्टरला. म्हणून विद्यार्थ्याने पहिला महिना आशाताईच्या मागे हिंडावे, असे माझे मत आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच उलटे शिक्षण चालवले. गावातल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायका आरोग्यसेविका झाल्या, आणि पुढे बाहेरून शिकायला आलेल्या डॉक्टरांना त्यांनीच शिकवले.

'अंगावरून जातंय' या दोन शब्दांची किंमत किती असते, ते ऊसतोडीच्या बायकांना विचारावे. दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगर भागांतून टोळ्या या कारखान्यांच्या पट्ट्यात येतात आणि गाळप संपेपर्यंत, पाच-सहा महिने, कोप्यांमध्ये राहतात. पहाटे थंडीत फडात उतरायचे, मोळ्या डोक्यावर वाहायच्या. न्हाणीघर नाही, पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, खाडा झाला तर पैसे कापले जातात. संसर्ग होतो, पांढरे जाते, पाठ-पोट दुखते. यातले पुष्कळसे गोळ्यांच्या एका कोर्सने आणि स्वच्छ पाण्याने बरे होणारे असते. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचे चित्र आले. ८२ हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. त्यांतल्या काही शस्त्रक्रिया गरजेच्या असतील. पण त्यांतल्या किती जणींना पहिल्यांदा, पंचविशीत, अंगावर पांढरे जाते म्हणून आल्या तेव्हा कोणी नीट तपासले होते? कर्करोगाची भीती घालणारा डॉक्टर त्यांना आधी भेटला आणि 'याला गोळ्या पुरतात' म्हणणारा भेटलाच नाही.

अंथुर्ण्यासारख्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हंगामात एक तरी दिवस कोप्यांवर घालवायला मिळाला पाहिजे. सहाव्या महिन्याची गरोदर बाई आहे, तिचे माता-बाल संरक्षण कार्ड गावी राहिले आहे. बाळाचा गोवराचा डोस फेब्रुवारीत आहे, आणि फेब्रुवारीत टोळी कुठे असेल ते मुकादमाला ठाऊक. मैदानी भागातले प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजार लोकसंख्येमागे एक असे मोजले जाते. हंगामात वाढलेली ही माणसे त्या तीस हजारांत धरायची का? हा प्रश्न विद्यार्थ्याने केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारून बघावा. उत्तरातून त्याला आरोग्य प्रशासनाचा अर्धा पेपर समजेल.

ऊस म्हटला की सापही आलाच. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे गेली असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि ती बहुतांश खेड्यांतली होती. घोणस चावली की रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते ओळखायला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलीलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी कलती करून बघायची. रक्त वाहिले तर विष चढले आहे. नळी काचेचीच हवी, कारण प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही नीट गोठत नाही. एवढी साधी परीक्षा, पण इंटर्नने ती स्वतः कधी केलेली नसते. प्रतिविषाची लस केंद्रात असते. ती दिल्यावर एखाद्या रुग्णाला जोराची ॲलर्जी येऊ शकते, त्यासाठी ॲड्रिनलिन भरून हाताशी ठेवायचे असते. ज्याने हे वरिष्ठांच्या देखरेखीखाली एकदाही केलेले नाही, तो रात्री दोन वाजता एकटा असताना काय करील? पुढे पाठवेल. रुग्णवाहिका इंदापूरला किंवा बारामतीला पोहोचेपर्यंतचा वेळ विषाच्या खात्यात जमा होतो. मी या तरुण डॉक्टराला भित्रा म्हणणार नाही. ज्यांनी त्याला ही लस द्यायला कधी उभे केले नाही, त्यांच्याकडे बोट जाते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात विज्ञान नसते, हा समज खोडायला महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर पुरेसे आहेत. १९७० च्या दशकात कोकणातल्या सरकारी केंद्रात नोकरी करताना लाल विंचू चावलेली मुले त्यांच्यासमोर दगावत होती. पुस्तकात इलाज नव्हता. त्यांनी प्रत्येक रुग्णाजवळ बसून नाडी, घाम, रक्तदाब, फुप्फुसात पाणी भरण्याची वेळ हे सारे टिपले. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध विंचूदंशावर चालते हे त्यांनी दाखवून दिले आणि मृत्यू झपाट्याने घटले. मोठ्या रुग्णालयात हे घडणे अवघड होते, कारण ती मुले तिथवर पोहोचतच नव्हती.

जगात इतरत्र लोक याकडे कसे बघतात? जपानने १९७२ मध्ये जिची येथे खास ग्रामीण डॉक्टरांसाठी विद्यापीठ काढले. प्रत्येक प्रांतातून दोन-तीन विद्यार्थी निवडायचे, फी प्रांताने भरायची, आणि पदवीनंतर साधारण नऊ वर्षे त्या विद्यार्थ्याने आपल्या प्रांतात सांगितल्या जागी काम करायचे. फिलिपिन्समध्ये झांबोआंगाला १९९४ मध्ये स्थानिक डॉक्टरांनी पुढाकार घेऊन महाविद्यालय उभे केले. तिथली मुले शिकतानाच खेड्यांत राहतात, आणि तिथले बहुसंख्य पदवीधर त्याच भागात टिकले आहेत. ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ मध्ये काही विद्यार्थ्यांना रुग्णालयाऐवजी पूर्ण वर्ष छोट्या गावांतल्या दवाखान्यांत ठेवले. ती परीक्षेत मागे पडतील अशी भीती होती. पण शहरात शिकलेल्यांपेक्षा त्यांचे गुण चांगले आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींतही हेच सूत्र दिसते: ग्रामीण भागातली मुले निवडा, त्यांना ग्रामीण भागात शिकवा, आणि नंतर त्यांना एकटे सोडू नका.

आपण मात्र शेवटच्या टोकाला, म्हणजे बंधपत्राला, सगळा भार देतो. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सरकारी सेवा द्यायची. त्या वर्षातले बरेच डॉक्टर टेबलाच्या खणात पदव्युत्तर प्रवेशाचे पुस्तक ठेवून दिवस मोजतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण साडेचार वर्षे ज्याच्यापुढे विशेषज्ञ हाच आदर्श ठेवला, ज्याने शिक्षक म्हणून एकही प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर पाहिला नाही, त्याला हे वर्ष शिक्षा वाटले तर नवल ते काय? केंद्रात पंधरा-वीस वर्षे काढलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला महाविद्यालयाने मानद शिक्षक म्हणून वर्गात बोलवावे. त्याच्याकडे रक्तदाबाची गोळी एका पाकिटानंतर सोडणाऱ्या माणसाचे मन वळवण्याच्या दहा तऱ्हा असतात. 'सुई मारा' म्हणून अडून बसलेल्याला सुईशिवाय, तरीही समाधानाने, घरी पाठवण्याची विद्या असते. ही विद्या कुठल्याच विभागात शिकवली जात नाही.

आषाढात या रस्त्याचे रूप पालटते. संत तुकाराम महाराजांची पालखी सणसर, बेलवाडीचे रिंगण, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी इंदापूरकडे सरकते, आणि काही हजार वस्तीच्या गावावर एकाच दिवशी लाखांची वस्ती उतरते. वैद्यकीय महाविद्यालयांची मुले वारीत सेवेला येतात. पायांना मलम लावतात, गोळ्या देतात, वारकरी त्यांना 'माऊली' म्हणतात, आणि ती मुले भारावून परत जातात. त्यांतल्या दोघा-चौघांना तरी पालखीच्या दोन दिवस आधी इथे पाठवावे. आरोग्यसेवकाबरोबर टाकीवर चढावे, टँकर भरण्याच्या प्रत्येक विहिरीवर जावे, ब्लीचिंग पावडर किती पाण्याला किती पडली ते विचारावे. मग नळीत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकावेत आणि पिवळा रंग येतो का ते पाहावे. नाही आला तर टाकी पुन्हा भरून घ्यायला सरपंचांच्या घरी रात्री कोणी जायचे, हेही त्यांनीच ठरवावे.